शिक्क्यापलीकडचे १२० तास

एम.ए.च्या पहिल्या वर्षाचं दुसरं सत्र सुरू झालं की अर्थशास्त्र विभागातली मुलं शिक्क्याच्या शोधात निघतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प आणला. त्याला चार श्रेयांक, म्हणजे १२० तास. मुलांच्या तोंडी त्याचं नाव 'ओजेटी'. रसायनशास्त्राच्या मुलाला कारखान्यातली प्रयोगशाळा असते, वाणिज्यवाल्याला सीएचं ऑफिस असतं. अर्थशास्त्रवाल्याने जायचं कुठे? मग मामा संचालक असलेली पतसंस्था शोधली जाते, नाहीतर ओळखीच्या करसल्लागाराचं ऑफिस. तिथे आठवडाभर झेरॉक्स काढायच्या, संगणकात नावं भरायची आणि शेवटी मुद्द्यावर यायचं: 'साहेब, सही-शिक्का तेवढा द्या, वही मी लिहून आणतो.' साहेबही देतात. कुणाचंच काही अडत नाही.

पतसंस्थेत काही शिकण्यासारखं नसतं असं मात्र नाही. सोनेतारणाचं रजिस्टर उघडलं आणि तीन वर्षांची कर्जं महिन्यावार मांडली, की पेरणी, शाळेची फी आणि लग्नसराई यांच्यात त्या गावाचा पैसा कसा फिरतो हे दिसायला लागतं. हे कोष्टक मांडायला दोन दिवस पुरतात. (खातेदारांची नावं झाकायची, आणि व्यवस्थापकांची परवानगी आधी घ्यायची. एवढी शिस्त हवीच.) पण कोष्टक मांड असं मुलाला कुणी सांगतच नाही, कारण अर्थशास्त्र म्हणजे मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेले 'गुण-दोष' अशी आपली घट्ट समजूत आहे. माझं म्हणणं एवढंच, की अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याची पहिली संधी मोजण्यात आहे. दिल्ली-मुंबईच्या संधी येतात त्या नंतर, आणि बहुतेकदा ज्यांनी काहीतरी मोजलेलं असतं त्यांच्याच वाट्याला.

मोजण्याची ही परंपरा महाराष्ट्रात चांगली शंभर वर्षांची आहे. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली. तिचं पुस्तक १९१७ साली निघालं. गावात जमीनमालक होते दीडशेच्या आसपास आणि जमिनीचे तुकडे सातशेहून अधिक. त्यांतले बरेचसे एकरापेक्षाही लहान. तुकडेबंदीवर पुढे कित्येक दशकं जो वाद झाला, त्यात या एका गावाचे आकडे पुन्हा पुन्हा येत राहिले. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. दुखणं तुकड्यांच्या लांबी-रुंदीत नाही, शेतीवर पडलेल्या माणसांच्या भारात आणि भांडवलाच्या तुटवड्यात आहे, असं त्यांनी मांडलं आणि त्यावर उद्योगीकरणाचा उपाय सांगितला. त्याच वर्षी ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, आणि तेव्हा ते लंडनचं शिक्षण अर्धं सोडून आलेले होते. आज पिंपळे सौदागरात बहुमजली सोसायट्या आहेत आणि आयटी कंपन्यांतली माणसं तिथे राहतात. मानसाहेबांची तक्ते-कोष्टकं समोर ठेवून तिथे पुन्हा फिरायचं ठरवलं, तर एका वर्गाला दोन वर्षं पुरेल एवढं काम आहे.

१९३० साली भारत सेवक समाजाच्या पुढाकाराने आणि रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. ते आणि त्यांचे सहकारी संस्थेच्या खोलीत बसून राहिले नाहीत. वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च त्यांनी घरोघर जाऊन मांडला. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये छापला गेला. पुढे संस्थेने शहराची फेरपाहणीही केली. हेच गाडगीळ लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. अर्थशास्त्राचा प्राध्यापक साखर कारखान्याचा अध्यक्ष, आणि तोही शेतकऱ्यांनी आपणहून बसवलेला! आज हे वाचताना गंमत वाटते खरी. पण जमाखर्च विचारत बांधावर फिरलेल्या माणसावर शेतकऱ्याने विश्वास टाकला, त्यात नवल नव्हतं.

त्याच संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास मांडला. दिवसाला २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च करू शकतो तो तगून आहे, त्याखालचा गरीब, ही रेघ त्यांनी ओढली. १९६०-६१च्या किमतींना ती ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये येत होती. ग्रामीण भागातली ४० टक्के आणि शहरांतली ५० टक्के माणसं या रेघेखाली निघाली. या हिशोबाचा पाया होता राष्ट्रीय नमुना पाहणीचे खर्चाचे आकडे. कुठल्यातरी गावात कुणीतरी पाहणीदाराने दारात बसून 'महिन्याला तेल किती लागतं' असं विचारून लिहून घेतलेले.

त्या दारातच जरा थांबू. समजा, कोल्हापूरकडच्या एका गावात विद्यार्थिनी पाहणीची अनुसूची घेऊन गेली आहे. समोर पन्नाशीच्या काकू.

'काकू, तुम्ही काय काम करता?'

'मी कुठलं काम करतोय बाई, घरातच असतोय.'

नवखी मुलगी इथे पेन टेकवते आणि ९२ हा सांकेतिक क्रमांक लिहून मोकळी होते. सरकारी पाहणीत ९२ म्हणजे फक्त घरकाम. जरा मुरलेली मुलगी पुढे विचारते: दारात म्हैस दिसतेय, तिची धार कोण काढतं? वैरण कोण आणतं? दूध डेअरीला जातं का? उत्तर येतं, 'आता धार मीच काढतोय की. सकाळी चार लिटर घालतोय, संध्याकाळी तीन. पुस्तक ह्यांच्या नावावर हाय.' झालं, क्रमांक बदलला. आता तो २१, म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारी. काकू अर्थशास्त्राच्या दृष्टीने 'कामकरी' झाल्या. सोलापुरात हीच बाई घरी विड्या वळत असेल आणि हजारी दराने मजुरी घेत असेल, तर ती स्वयंरोजगारीत धरली जाते आणि क्रमांक ११ होतो. देशातल्या स्त्रियांचा श्रमसहभाग किती, यावर वाहिन्यांवर आणि संसदेत जी आकडेफेक चालते, ती अशा एकेका पुढच्या प्रश्नावर उभी असते. पुस्तकात हा विषय एका परिच्छेदात उरकतो. दारात तो कळायला एक म्हैस पुरते.

या पाहण्यांचे मूळ कुटुंबवार आकडे सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आता फुकट मिळतात, तेही घरबसल्या. २०२३-२४च्या कुटुंब खर्च पाहणीत माणशी मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये आला, हे वर्तमानपत्रात सगळ्यांनी वाचलं. पण आपल्या जिल्ह्यालगतच्या पट्ट्यात डाळीवर किती आणि मोबाइलच्या रिचार्जवर किती, हे त्या फायलींतून काढता येतं. त्यासाठी 'आर' नावाची संगणकप्रणाली लागते, आणि तीही फुकटच. पहिल्यांदा फाइल उघडल्यावर नुसत्या अंकांच्या ओळीच्या ओळी दिसतात आणि धडकी भरते. हमखास होणारी चूक म्हणजे गुणक लावायला विसरणं. नमुन्यातलं प्रत्येक कुटुंब अनेक कुटुंबांच्या वतीने बोलत असतं, आणि किती कुटुंबांच्या वतीने हे त्या गुणकात लिहिलेलं असतं. तो सोडून काढलेली सरासरी दिसायला छान दिसते, पण ती चुकीची असते. जिल्हा पातळीवर नमुना फार लहान पडतो, तेव्हा फुशारकीने निष्कर्ष काढू नयेत हेही तिथेच शिकायला मिळतं.

संगणक नको असेल तर बाजार समिती आहे. नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्याने लासलगावला किंवा जवळच्या उपबाजारात पंधरा दिवस लिलावाला उभं राहावं. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव रोज जाहीर होतात. पण ट्रॅक्टर घेऊन आलेल्याच्या हातात शेवटी पडते ती हिशोबपट्टी, आणि तिच्यात हमाली, तोलाई वजा झालेली असते. अशा शंभर पट्ट्या जमवल्या, तर 'भाव' आणि 'हातात आलेले पैसे' यांतली दरी नेमकी मोजता येते. शहरातल्या मुलांसाठी महापालिकेचं अंदाजपत्रक आहे. दर फेब्रुवारीत महाविद्यालयाच्या सभागृहात पडदा लावून केंद्रीय अर्थसंकल्प 'लाइव्ह' दाखवायचा, मग दोन पाहुण्यांनी त्याला संमिश्र म्हणायचं, असा एक कार्यक्रम सगळीकडे होतो. चहा-बिस्किटांपलीकडे त्यातून काय हाती लागतं, हे मला अजून उमगलेलं नाही. त्याऐवजी आपल्या प्रभागातल्या रस्त्यासाठी किती तरतूद होती, सुधारित अंदाजात किती उरली आणि खर्च किती झाला, हे तीन आकडे शोधायला लावले तर मुलं जास्त शिकतील. राज्याची आर्थिक पाहणी अर्थ व सांख्यिकी संचालनालय दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी मराठीतही छापतं. मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याला तिच्याइतकं स्वस्त आणि मस्त पाठ्यपुस्तक दुसरं नाही.

अशी मोजणी पदरात असली की मोठे दरवाजे उघडतात. रिझर्व्ह बँक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात आपल्या कार्यालयांत काम करायला घेते. त्यासाठीचे अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास निघतात आणि परीक्षेच्या गडबडीत निम्म्या मुलांच्या नजरेतून सुटतात. सांख्यिकी मंत्रालयही प्रशिक्षणार्थी घेतं. १९६१ मध्ये सुरू झालेल्या भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. जागा थोड्या आणि स्पर्धा देशभरातली. तिच्यात अर्थशास्त्राच्या चार पेपरांना प्रत्येकी २०० गुण आहेत. राज्यातलं अर्थ व सांख्यिकी संचालनालय सांख्यिकी सहायक, अन्वेषक यांसारखी पदं भरतं. 'स्पर्धा परीक्षा करतोय' म्हणत पेठेतल्या अभ्यासिकांत बसलेल्या अर्थशास्त्राच्या पदवीधरांना ही पदं आपल्या विषयाची आहेत हे पुष्कळदा ठाऊकच नसतं. पुढे संशोधन करायचं तर नेट-जेआरएफ आहे, बार्टी, सारथी, महाज्योतीच्या अधिछात्रवृत्त्या आहेत आणि गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं दार आपल्यासाठी नाही असं समजण्याचं कारण नाही.

अडथळा आहे तो गणिताचा, आणि तो झाकून चालणार नाही. कला शाखेतून आलेल्या मुलाचं गणित दहावीलाच सुटलेलं असतं. चांगल्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षा मात्र कलन आणि संभाव्यता धरूनच चालतात. बी.ए.च्या तीन वर्षांत हा खड्डा कुणी बुजवत नाही, आणि मग एम.ए.ला अर्थमिती आली की वर्गातली अर्धी बाकं रिकामी होतात. विभागाने पहिल्याच वर्षी, गुणांशिवाय, संध्याकाळचा गणिताचा वर्ग चालवावा. तो चालवायला निधी लागत नाही. गणित विभागातला एक हौशी मास्तर आणि खडू पुरतो. इंग्रजीची भीती तुलनेने कमी महत्त्वाची. मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या वार्षिक अधिवेशनात निबंध मराठीतच वाचले जातात आणि तिच्या 'अर्थसंवाद' या नियतकालिकात छापलेही जातात. पहिला निबंध तिथे वाचावा, खडूस प्रश्न अंगावर घ्यावेत, आणि मग इंग्रजीकडे वळावं.

ओजेटीसाठी जागा सापडत नाही म्हणणाऱ्यांसाठी एक सोपी वाट आहे. जुन्या विभागांतल्या एखाद्या कपाटात पूर्वीच्या विद्यार्थ्यांचे बांधीव प्रबंध धूळ खात पडलेले असतात. त्यांतला आपल्या तालुक्यावरचा एखादा काढावा. अनुसूची मागच्या परिशिष्टात असते, गावांची नावंही बहुधा तिथेच. तीच अनुसूची घेऊन, त्याच गावात, तेच प्रश्न विचारायला १२० तास पुरतात. शिक्का ग्रामपंचायत देतेच.