प्लेचा हिशेब

स्पॉटिफायवर गाणे सलग तीस सेकंद वाजले की एक प्ले नोंदवला जातो. एकोणतिसाव्या सेकंदाला ऐकणाऱ्याने ते पुढे ढकलले, तर पैशाच्या हिशेबात ते गाणे वाजलेच नाही. तीस सेकंदांनंतर ते तीन मिनिटे चालो की तेरा, नोंद एकच. पंचवीस मिनिटांचा विलंबित ख्याल आणि दीड मिनिटात आटोपणारे नाचाचे गाणे या वहीत शेजारी शेजारी, सारख्या वजनाने बसतात. गाण्याआधीचा लांब वाद्यमेळ आखडत गेला आणि मुखडा पहिल्या दहा सेकंदांत येऊ लागला, त्यामागे या अटीचाही वाटा असावा.

या अटीचा सर्वांत मिस्कील उपयोग २०१४ मध्ये अमेरिकेतील व्हल्फपेक या बँडने केला. त्यांनी ‘स्लीपिफाय’ नावाचा दहा ट्रॅकचा अल्बम काढला. प्रत्येक ट्रॅक तीस सेकंदांपेक्षा किंचित मोठा आणि पूर्णपणे निःशब्द. चाहत्यांनी रात्री झोपताना तो लावून ठेवावा, जमलेल्या पैशातून बँड फुकट कार्यक्रमांचा दौरा काढेल, असा प्रस्ताव होता. स्पॉटिफायने काही आठवड्यांत अल्बम काढून टाकला, पण तोवर सुमारे वीस हजार डॉलर जमले होते आणि दौराही झाला.

एका प्लेला किती पैसे मिळतात, या प्रश्नाला नेमके उत्तर नाही, कारण असा दर कोणी ठरवलेलाच नसतो. ॲपकडे महिन्याभरात वर्गणी आणि जाहिराती यांतून पैसा जमा होतो. त्यातला साधारण दोन-तृतीयांश ते सत्तर टक्के भाग हक्कधारकांसाठी बाजूला निघतो. ही थैली प्रत्येक देशाची वेगळी, आणि वर्गणीदारांची व फुकट ऐकणाऱ्यांचीही वेगळी. त्या महिन्यात त्या देशात झालेल्या एकूण प्लेंमध्ये एखाद्या गाण्याच्या प्लेंचा जो हिस्सा, तोच थैलीतला त्याचा हिस्सा. म्हणजे एका प्लेचा दर महिना संपल्यावर निघतो, आणि तोही इतरांनी काय आणि किती ऐकले यावरून. गाण्याचे प्ले तेवढेच राहिले आणि बाकीच्यांचे ऐकणे वाढले, तर त्याच गाण्याचे पैसे कमी होतात.

आकडे मांडले की हे स्पष्ट होते. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आले तेव्हा महिन्याची वर्गणी ११९ रुपये होती. अठरा टक्के जीएसटी वजा जाता ॲपच्या हाती सुमारे १०१ रुपये उरतात, त्यांतले सत्तर हक्कधारकांचे. वर्गणीदार दिवसाला वीस गाणी ऐकतो असे धरले, तर महिन्याचे सहाशे प्ले होतात आणि एका प्लेला बारा पैशांहून थोडे कमी येतात. त्यातला सुमारे चार-पंचमांश ध्वनिमुद्रणाचा धरला, तर नऊ पैसे. उरलेले शब्द आणि चाल यांचे. त्याच वर्षी अमेरिकेत वर्गणी ९.९९ डॉलर होती. सवयी याच धरून तेथे एका प्लेला सव्वा सेंटच्या जवळपास पडतात. गाणे तेच, ऐकणाऱ्याचे कानही तसेच. फरक फक्त वर्गणीचा. पुण्यातल्या दहा श्रोत्यांपेक्षा न्यू जर्सीतले दोन मराठी श्रोते कलाकाराला जास्त मिळवून देतात, ते यामुळेच.

प्रत्यक्षातले आकडे या मांडणीच्या खाली राहतात, कारण कुटुंबासाठीच्या आणि विद्यार्थ्यांच्या योजनांत माणशी वर्गणी कमी पडते आणि फुकट ऐकणाऱ्यांच्या जाहिरातींतून फारच थोडे येते. ॲपल म्युझिकने २०२१ मध्ये कलाकारांना लिहिलेल्या पत्रात सरासरी एका प्लेला एक सेंट पडतो असे सांगितले. त्या सेवेत फुकटचा वर्गच नाही. स्पॉटिफायसाठी सर्वसाधारणपणे सांगितला जाणारा आकडा सेंटच्या एक-तृतीयांशापासून अर्ध्यापर्यंतचा आहे. दोन्ही रकमा सर्व हक्कधारकांच्या मिळून आहेत. गायकाच्या हाती पडणारी रक्कम ही नव्हे.

वाटणीच्या या पद्धतीत एक गोष्ट खटकते. समजा दोनच वर्गणीदार आहेत आणि दोघांचे मिळून १४० रुपये थैलीत आले. एक गृहस्थ पहाटे एकाच गायकाचे अभंग ऐकतात, महिन्याला चाळीस प्ले. दुसरा कॉलेजचा मुलगा, दिवसरात्र कानात इअरफोन, महिन्याला तीन हजार प्ले. १४० रुपये ३,०४० प्लेंत वाटले की अभंग गाणाऱ्याला १ रुपया ८४ पैसे मिळतात. त्या गृहस्थांनी त्याच्याखेरीज कोणाचेही काही ऐकलेले नसताना त्यांच्या वर्गणीतले अडुसष्ट रुपये भलतीकडे गेले. प्रत्येकाची वर्गणी त्याने ऐकलेल्यांतच वाटावी, ही मागणी यातून आली. साउंडक्लाउडने २०२१ पासून छोट्या स्वतंत्र कलाकारांसाठी तशी वाटणी सुरू केली. फ्रान्समध्ये त्याच वर्षी झालेल्या सरकारी अभ्यासात मात्र असे दिसले की पद्धत बदलल्याने शास्त्रीय संगीताला फायदा आणि रॅपला तोटा होईल, पण यादीत खूप खाली असलेल्या कलाकाराच्या वार्षिक कमाईत काही युरोंचाच फरक पडेल. न्यायाच्या दृष्टीने मागणी बरोबर आहे. पोट भरण्याच्या दृष्टीने तिचा उपयोग थोडा.

तळाच्या गाण्यांसाठी दार आणखी अरुंद झाले आहे. २०२४ पासून मागील बारा महिन्यांत किमान एक हजार प्ले न झालेल्या गाण्याला स्पॉटिफायच्या ध्वनिमुद्रणाच्या थैलीतून काहीच मिळत नाही. तो हिस्सा वरच्या गाण्यांकडे वळतो. कंपनीचे म्हणणे असे की अशा गाण्यांना महिन्याला सरासरी तीन सेंट मिळत होते आणि ते कलाकारापर्यंत पोचतही नव्हते, कारण मधले वितरक ठरावीक रक्कम साचल्याखेरीज पैसे काढू देत नाहीत. हे खरे आहे. पण नऊशे प्ले झालेल्या गाण्याचे पैसे नऊ लाखवाल्याला का जावेत, याचे उत्तर त्यात नाही.

पुढचा टप्पा वाटेकऱ्यांचा. प्रत्येक गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात: ध्वनिमुद्रण, आणि त्यामागची रचना म्हणजे शब्द व चाल. ध्वनिमुद्रण बहुधा लेबलचे असते आणि कलाकाराला त्यातून करारात ठरलेला टक्का मिळतो. ब्रिटनमध्ये या वाटणीची जेवढी उघड चिकित्सा झाली, तेवढी क्वचितच कोठे झाली असेल. करोनाच्या काळात कार्यक्रम बंद पडले, स्ट्रीमिंगखेरीज उत्पन्न उरले नाही आणि वाद संसदेच्या समितीपुढे गेला. नदीन शाह या गायिकेने २०२० मध्ये समितीसमोर सांगितले की स्ट्रीमिंगच्या कमाईत घरभाडेही भागत नाही. पुढे तेथील स्पर्धा नियामकाने २०२२ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार २०२१ मध्ये १ कोटी २० लाख प्लेंमागे कलाकाराला सुमारे बारा हजार पौंडांची अपेक्षा ठेवता येत होती. त्या वेळच्या भावाने प्लेला साधारण दहा पैसे. साठ टक्क्यांहून अधिक प्ले वरच्या ०.४ टक्के कलाकारांकडे जात होते. मोठ्या लेबलांकडून कलाकारांना मिळणारा सरासरी वाटा २०१२ मधील १९.७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये २३.३ टक्क्यांवर गेला होता. म्हणजे लेबले अधिकाधिक लुबाडत आहेत असे चित्र निघाले नाही. कलाकारांची संख्याच सहा वर्षांत दुपटीने वाढली होती, दोन लाखांवरून चार लाखांवर.

भारतात चित्रपटाच्या गाण्याचे हक्क निर्मात्यामार्फत लेबलकडे जातात आणि ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ठरलेल्या मानधनावर पुष्कळांचा विषय तेथेच संपतो. गीतकार आणि संगीतकार यांच्यासाठी २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने हे बदलले. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर तिच्यासाठी बराच झगडा केला. रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा गीतकार-संगीतकारांना आता सहीने सोडून देता येत नाही, आणि तो १९६९ मध्ये स्थापन झालेल्या आयपीआरएस या संस्थेमार्फत वसूल होतो. ज्याने आपले गाणे तेथे नोंदवलेच नाही, त्याला तो आपोआप मिळत नाही. मराठीत स्वतःच गाणे लिहून, चाल लावून, गाऊन यूट्यूबवर टाकणारी अनेक मुले हे पैसे माहितीअभावी सोडून देतात.

लेबल नसलेला कलाकार वितरकामार्फत जातो. वर्षाला वीस-पंचवीस डॉलर किंवा कमाईतला काही टक्का देऊन गाणे सर्व ॲपांवर चढवता येते. ध्वनिफीत, चौकोनी मुखपृष्ठ, श्रेयनामावली आणि बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक एवढी सामग्री लागते. दोन-तीन महिन्यांनी तक्ता येतो: ॲप, देश, महिना, प्ले, रक्कम. रकमेच्या रकान्यात दशांशचिन्हानंतर सहा-सात आकडे असतात, आणि बहुतेक ओळी शून्यापासून सुरू होतात. वरच्या नऊ पैशांच्या मांडणीनेच गेले तर दहा लाख प्लेंचे नव्वद हजार रुपये होतात, आणि तेही सर्व श्रोते वर्गणीदार असतील तर. लेबलच्या वीस टक्क्यांच्या करारात यातले अठरा हजार कलाकाराच्या खात्यावर पडतात. आधी उचल घेतली असेल तर ती फिटेपर्यंत ते खात्यावरच राहतात.

गाणे लोकांपर्यंत पोचवण्याच्या, म्हणजे प्रचाराच्या खर्चाची बाजू याच्या नेमकी उलट आहे. कमाईचा दर महिना संपल्यावर कळतो, खर्चाचा मात्र पैसे मोजण्याआधीच समोर लिहिलेला असतो.

प्रचाराचा एकच मार्ग फुकट आहे. गाणे येण्याच्या किमान सात दिवस आधी स्पॉटिफायच्या संपादकांना ते प्लेलिस्टसाठी सुचवता येते. निवड झाली नाही तरी अनुसरणाऱ्यांच्या शुक्रवारच्या यादीत ते पोचते. घाईने ‘आजच टाकू’ म्हणणारे हा एकमेव फुकट मार्ग हमखास घालवतात.

त्यानंतर पैसे लागतात. ॲप उघडताच नव्या अल्बमची शिफारस दाखवणारी ‘मार्की’ नावाची जाहिरात स्पॉटिफाय विकते. अमेरिकेत सुरुवातीला एका क्लिकला अर्ध्या डॉलरच्या आसपास पडत होते. प्लेमागे ०.४ सेंट धरले, तर क्लिक करणाऱ्या प्रत्येकाने सव्वाशे प्ले केले तरच मुद्दल वसूल होते, आणि तेही सगळे पैसे एकट्या कलाकाराचे असतील तर. २०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘डिस्कव्हरी मोड’मध्ये आधी काहीच द्यावे लागत नाही. रेडिओ आणि आपोआप पुढे वाजणाऱ्या यादीत गाणे अधिक वेळा पुढे येते, पण त्या जागी झालेल्या प्लेंच्या ध्वनिमुद्रण-रॉयल्टीतले तीस टक्के कंपनी कापून घेते. रेडिओवर गाणे वाजवण्यासाठी लाच देण्याची प्रथा अमेरिकेत १९६० मध्ये कायद्याने बंद झाली होती. तेथील काही संसद सदस्यांनी २०२१ मध्ये या योजनेकडे बोट दाखवले ते त्याच आठवणीने. कंपनीच्या दृष्टीने ही केवळ सवलतीची रॉयल्टी आहे. थैली तेवढीच असते, हे लक्षात घेता सर्वांनीच ही योजना घेतली तर कोणीच पुढे जाणार नाही आणि कपात तेवढी कायम होईल.

मराठी गाण्याचा प्रचार मुख्यतः इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर होतो. संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये महाराष्ट्राबाहेर पसरले ते रीलांवरून. पण रीलचा व्ह्यू म्हणजे प्ले नव्हे. रील पाहणाऱ्याने ॲप उघडून गाणे शोधले आणि तीस सेकंद ऐकले, तरच हिशेब सुरू होतो. जाहिरातीच्या एका क्लिकला तीन रुपये पडले असे धरले, तरी नऊ पैशांच्या दराने माणशी तेहतीस प्ले हवेत. एका गाण्यावर कोणी नवखा श्रोता एवढे प्रेम करत नाही. त्याने कलाकाराची जुनी गाणीही ऐकली, तर मात्र आकडा आवाक्यात येतो. दहा-पंधरा गाणी आधीच असलेल्याला जाहिरात परवडते आणि पहिलेच गाणे काढणाऱ्याला परवडत नाही, ते यामुळे. नवखा नेमका उलट वागतो: पहिल्या गाण्याच्या व्हिडिओवर घरचे दोन लाख घालतो आणि दुसऱ्यासाठी काही उरत नाही.

खात्रीचे प्ले विकणारेही भेटतात. ‘पाच हजारांत लाख स्ट्रीम’ अशा भाषेत त्यांचा निरोप येतो. हे प्ले यंत्रे करतात आणि खूण सहज दिसते: गाणे मराठी आणि श्रोते एकाएकी एकाच परक्या शहरातले. २०२४ पासून ज्या गाण्याचे बहुतांश प्ले बनावट आढळतात, त्यासाठी स्पॉटिफाय लेबल किंवा वितरकाकडून दंड घेते आणि वितरक तो कलाकाराच्या माथी मारतो. गाणेही उतरवले जाते. प्लेलिस्टवाल्याने हे परस्पर केले असले तरी भरतो कलाकारच.

एवढे करून बहुतेकांचे गणित स्ट्रीमिंगवर जुळत नाही, आणि अनुभवी कलाकार ते तेथे जुळवण्याचा प्रयत्नही करत नाहीत. प्रचाराचा खर्च ते कार्यक्रमांच्या सुपाऱ्यांच्या खात्यावर टाकतात. गणेशोत्सवातल्या किंवा जत्रेतल्या एका रात्रीची सुपारी कित्येक लाख प्लेंच्या बरोबरीची असू शकते, आणि ती काही अंशी आगाऊ मिळते. ॲपच्या कलाकारांसाठीच्या पानावर शहरवार श्रोत्यांची यादी असते. नाशिक, कोल्हापूर किंवा नांदेड त्या यादीत कितव्या जागी आहे, हे मोबाइलवर दाखवून आयोजकाशी बिदागी ठरवली जाते.