वेगाच्या देवाचा नैवेद्य

'इंडियन' हे नाव ऐकताच आपले कान टवकारतात. पण ही मोटारसायकल अमेरिकन, आणि तिचा धनी न्यूझीलंडमधील इन्व्हरकारगिलचा बर्ट मन्रो. त्याने ती १९२० साली घेतली, तेव्हा ती ताशी जेमतेम ५५ मैल धावे. पुढे चार दशके हा गृहस्थ तिच्याशी झुंजत राहिला. धातू वितळवायचा, जुन्या डब्यांत ओतायचा आणि घरच्या घरी पिस्टन घडवायचा! ते फुटत, हा पुन्हा ओतीत असे. फुटके भाग त्याने फळीवर मांडले होते आणि वर लिहिले होते, 'वेगाच्या देवास अर्पण'. सायकलचे पंक्चरही न काढता येणाऱ्या माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला हा मोडतोडीचा नैवेद्य भारीच आवडला.

१९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्याने १००० सी.सी.खालील गटात ताशी १८३.५८६ मैलांचा विक्रम केला. दोन फेऱ्यांची सरासरी काढताना मात्र हिशेबनीसांची चूक झाली होती. २०१४ साली ती सुधारली गेली. खरा आकडा निघाला १८४.०८७. तो ऐकायला मन्रो नव्हता. तो १९७८ सालीच वारला होता.