घणाकडून सांडशीकडे

स्वयंपाकघरातील सांडशी ढिली झाली की काय होते, हे आपल्या माताभगिनींना सांगायला नको. उकळत्या वरणाचा गंज उतरवताना तोंड घसरते आणि मूठ आपोआप आवळली जाते. गंज उतरतो, पण मनगट दुखत राहते. बाई म्हणते, "सांडशीच बेकार आहे", आणि दुसऱ्या दिवशी तीच सांडशी पुन्हा हातात घेते. लोहाराच्या भट्टीवरही हेच घडते. फरक एवढाच की तिथे गंजाऐवजी लालभडक लोखंड असते आणि मूठ दिवसातून शेकडो वेळा आवळावी लागते.

मी २८ वर्षे ऐरणीजवळ काढली. १९७६ साली नागपूरजवळच्या शेती अवजारांच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, आणि पहिली सहा वर्षे फक्त घण मारला. 'प्रश्न ऐरणीवर आला' असे वर्तमानपत्रवाले रोज लिहितात. लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी ऐरण पाहिली असेल, कोण जाणे! म्हणून तिथले काम कसे चालते ते आधी सांगतो.

ऐरणीवर दोन माणसे असतात. मिस्त्रीच्या डाव्या हातात सांडशी आणि उजव्या हातात लहान हातोडा. समोर घण घेतलेला हेल्पर. मिस्त्री हातोड्याने जिथे टिचकी मारील तिथे घण पडला पाहिजे. मिस्त्रीने हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला की घण थांबला पाहिजे. लोखंड केव्हा काढायचे, कसे फिरवायचे, काम पुरे झाले की नाही, हे सारे सांडशीवाला ठरवतो. घणवाल्याने फक्त ताकद द्यायची. पगारातही तसाच फरक. आमच्या शॉपमध्ये घणावर जवळजवळ सारी आपल्या वस्तीची पोरे होती आणि सांडशीवर आपला एकही नव्हता. "तुम्ही सांडशी धरू नका" असे तोंडावर कोणी म्हणत नसे. "हे काम रक्तात असावं लागते," एवढेच म्हणत.

हे आमच्या एकट्या कारखान्याचे दुखणे नव्हते. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांनी तिथेच सांगितले. तेवढे आपण सभांतून ऐकतो. पण आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो, वर्कशॉपमध्येही त्याला कारागिराची जागा मिळत नाही, हे गाऱ्हाणेही त्यांनी त्याच भाषणात मांडले होते. त्याआधी, १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपाच्या वेळी, विणाई खात्यात अस्पृश्यांना का घेत नाहीत, हा प्रश्न त्यांनी पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. विणाईत पगार जास्त. तिथे धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ होतो, हे कारण! जात कामे वाटत नाही, काम करणारी माणसेच वेगवेगळ्या खणांत कोंबते, हा त्यांचा विचार आपण पुस्तकात वाचतो. मी तो ऐरणीच्या अलीकडे उभा राहून रोज पाहिला. मधले अंतर हातभराचे होते.

आता रक्ताविषयी. आपल्याच नागपूर जिल्ह्यात, पारशिवनी तालुक्यात, पेंच नदीकाठी नाईकुंड म्हणून गाव आहे. १९७८ ते १९८० या काळात तिथे उत्खनन झाले आणि लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्यांसह. ही भट्टी अडीच हजार वर्षांपूर्वीची. शहराला लागून असलेल्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांतही लोखंडाची हत्यारे निघाली. त्या भट्टीवर कोण बसत होते, त्यांची जात कोणती, हे माती सांगत नाही. आणि तथागतांनी आपले शेवटचे भोजन घेतले ते पावा येथील चुंदाकडे. तो कम्मारपुत्र, म्हणजे धातुकाम करणाऱ्याचा मुलगा होता. त्या भोजनानंतर भगवंतांचा आजार बळावला. लोक चुंदाला दोष देतील हे ओळखून, त्याच्या मनाला टोचणी लागू देऊ नका, असे त्यांनी आनंदाला आवर्जून सांगितले. कारागिराच्या मनाची एवढी काळजी घेणारा दुसरा शास्ता मला माहीत नाही.

माझ्या हाती सांडशी आली ती एका अपघातानंतर. कारखान्याच्या स्टोअरमधून एकाच मापाच्या सांडश्या मिळत. जाड काम असो की पातळ, त्याच वापरायच्या. एका दुपारी तापलेली पट्टी सांडशीतून निसटली आणि आमच्यातल्याच एका पोराच्या पायावर पडली. तो दीड महिना घरी होता. चौकशीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले गेले. सांडशीकडे कोणी पाहिलेच नाही.

मी पाहिली. सांडशीचे तोंड ज्या जाडीसाठी बनवले आहे, त्याच जाडीला ते समांतर मिटते. त्यापेक्षा जाड वस्तू धरली तर तोंड पुढे फाकते आणि फक्त रिव्हेटजवळ पकड राहते. पातळ धरली तर फक्त टोके चावतात. दोन्ही वेळा वस्तू एका रेषेवर धरलेली असते. घण पडला की ती फिरते, आणि फिरू नये म्हणून माणूस मूठ आवळतो. आठ तास आवळलेली मूठ रात्री भाकरीचा घाससुद्धा नीट धरू देत नाही. आमच्या मिस्त्रीकाकाजींची बोटे पन्नाशीतच आखडली होती. ते जातीने लोहार, हाताने अव्वल. त्यांच्या स्वतःच्या चार सांडश्या खिळ्याला टांगलेल्या असत आणि त्यांना कोणी हात लावायचा नाही, असा दंडक होता.

सुट्टी झाल्यावर मी भंगारातील सळईवर स्वतःची सांडशी करू लागलो. पहिली जोडी साफ फसली. एक भाग डावा आणि एक उजवा केला, चपलेच्या जोडीसारखा. रिव्हेट घालायला गेलो तर दोन्ही तोंडे समोरासमोर येईनात. काकाजी दारात उभे होते. मला वाटले, आता तक्रार होणार. ते पोट धरून हसले. मग म्हणाले, "अबे, आरशातलं नाही करा लागत. दोन्ही सारखेच करा लागतात." आणि बाजूला बसले. सहा वर्षांत त्यांनी मला शिकवलेले ते पहिले वाक्य.

ज्या तरुणांना हे काम करायचे आहे, त्यांच्यासाठी रीत सांगतो. साधी माइल्ड स्टीलची १६ मिलिमीटरची सळई घ्यावी. ट्रकच्या कमानीचा पाटा मजबूत म्हणून काहीजण तो वापरतात, पण सांडशीचे तोंड तापते, आपण ते पाण्यात बुडवतो आणि पाट्याचे पोलाद काचेसारखे ठिसूळ होते. ते एखाद्या दिवशी घावाखाली तुटते. साध्या लोखंडाला ही भीती नाही. सळईचे टोक पिवळे होईस्तोवर तापवावे आणि दीड इंच भाग ऐरणीच्या कडेवर असा धरावा की हातोडा अर्धा ऐरणीवर आणि अर्धा बाहेर पडेल. टोक चपटे होते, मागे खांदा उमटतो. हे झाले तोंड. मग सळई पाव वळसा डावीकडे फिरवून, पलीकडच्या कडेवर तिरपी धरून, रिव्हेटची जागा चपटी करावी. पुन्हा पाव वळसा डावीकडेच, आणि तिथून दांडा सुरू. दुसऱ्या भागालाही वळसे डावीकडेच द्यायचे. दांडा सुमारे दीड फूट लांब आणि मागे निमुळता होत गेलेला असावा. जाड दांडा हाताला जड होतो आणि लवतही नाही. थोडा लवणारा दांडा घावाचा झटका स्वतः खातो, मनगटापर्यंत येऊ देत नाही.

भोक तापल्या लोखंडात सुंब्याने पाडावे. एका बाजूने ठोकत जावे, खाली टणक लागले की उलटवून दुसऱ्या बाजूने बारकी चकती उडवावी. रिव्हेट पिवळे करून ठोकले की सांडशी जाम होते. घाबरू नये. रिव्हेटची जागा पुन्हा मंद लाल करावी आणि थंड होईपर्यंत दांडे उघडझाप करत राहावे.

एवढ्याने सांडशी दिसायला तयार होते, पण खरे काम पुढेच आहे. तोंड लाल करून, ज्या वस्तूसाठी ती हवी तीच थंड वस्तू तोंडात धरावी आणि वरून हातोड्याने बेताने बसवावी. तोंड त्या वस्तूचा आकार घेते. मग तिथेच दांडे वाकवून असे अंतर ठेवावे की आपली मूठ पुरती मिटणारही नाही आणि ताणलीही जाणार नाही. आपली, मिस्त्रीची नव्हे. गोल सळईसाठी तोंडाला लांबीने पन्हळ द्यावी. बोल्टसाठी तोंडामागे फुगवटा काढावा म्हणजे बोल्टचे डोके त्यात बसते. वखराची पास लांब आणि चपटी, ती आडवी सरकते. तिच्यासाठी चपट्या तोंडाच्या दोन्ही कडा वर उचलाव्यात. शेवटी ८ मिलिमीटरच्या सळईची एक कडी करून दांड्यांवर मागून चढवावी. कडी मागे सरकवली की सांडशी आपोआप आवळलेली राहते, आणि हाताला फक्त दिशा द्यायचे काम उरते. मी पहिल्यांदा कडी चढवली त्या दिवशी काकाजी म्हणाले होते, "आता सांडशी धरून राह्यला. कालपरेंत गळा दाबून राह्यला होता."

पासेची सांडशी मी केली तेव्हा फोरमनने ती काकाजींच्या हाती दिली. त्यांनी ती उघडून पाहिली, मिटून पाहिली, आणि परत माझ्याकडे दिली. "सांडशी त्याची हाय, तं काम बी त्यालेच करू द्या." पुढल्या ट्रेड टेस्टला मी बसलो आणि पास झालो. घणावरून सांडशीवर गेलेला मी आमच्या शॉपमधला आपला पहिला माणूस. काकाजींनी इतकी वर्षे का शिकवले नाही, हे मी त्यांना कधी विचारले नाही. राग होताच. पण त्यांच्या आखडलेल्या बोटांकडे पाहून वाटे, यांनाही कोणी कडी चढवायला शिकवले नव्हते. बापाने दिले तसे त्यांनी घेतले.

ऐरणीच्या उंचीचेही तसेच. कारखान्यातल्या ऐरणी कोणाच्या मापाने बसवल्या होत्या देव जाणे, असे म्हणायची पद्धत आहे. मी म्हणतो, ठेकेदार जाणे. सरळ उभे राहून हात खाली सोडावा आणि मूठ मिटावी. बोटांची पेरे ऐरणीच्या माथ्याला जेमतेम टेकली पाहिजेत. घणवाला सोबत असेल तर ती थोडी खाली चालते. उंची चुकली की लोखंडच सांगते. हातोड्याच्या आपल्याकडच्या कडेच्या अर्धचंद्रासारख्या खुणा पडत असतील तर ऐरण उंच आहे. पलीकडच्या कडेच्या पडत असतील तर बुटकी आहे, आणि संध्याकाळी कंबर धरेल. बुटक्या ऐरणीखाली बाभळीचा ठोकळा सारावा. भट्टी आणि ऐरण यांत एका पावलाचे अंतर असावे, म्हणजे लोखंड वाटेतच थंड होत नाही. रोजच्या कामाला किलो-सव्वा किलोचा हातोडा पुरतो. सांडशीचे दांडे मांडीच्या बाजूला असावेत, पोटासमोर कधीही नाही. घाव चुकला तर दांडा उलटा येतो आणि तो पोटात घुसायला वेळ लागत नाही. अंगात सुती कपडे घालावेत, टेरिलिन वितळून कातडीला चिकटते. जस्ताचा मुलामा असलेली पाइप किंवा पत्रा भट्टीत घालू नये, त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि आपल्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर जातो तेव्हा, पहाटे भट्टी पेटवून अकराला बंद करावी.

गावचा लोहार बसून काम करतो, ऐरण जमिनीत पुरलेली असते. विळ्याला दाते पाडण्यासारख्या बारीक कामाला ते ठीक आहे. रस्त्याकडेला उतरलेल्या गाडी लोहारांत नवरा बसून सांडशी धरतो आणि बायको उभी राहून घण मारते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. घण बाईचा आणि सांडशी पुरुषाची. तिथेही तोच हिशेब आहे, फक्त तो घरातल्या घरात.

माझी नात पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरामागच्या भट्टीवर आली आणि म्हणाली, "आबा, मलाही एक सांडशी करायची आहे." ऐरण माझ्या मापाची, ती माझ्याहून चार इंच बुटकी. पहिल्याच घावांत तिच्याकडच्या कडेच्या खुणा उमटल्या. मी काही बोलण्याआधी तिनेच त्या पाहिल्या आणि इकडेतिकडे शोधून जुन्या दाराची एक फळी पायाखाली घेतली. तिची पहिली जोडी बिघडलीच, पण चपलेसारखी नव्हे. भोक मध्यावर नव्हते. दुसरी जोडी तिने माझ्याकडून तपासून घेतली नाही. स्वतःच रिव्हेट ठोकले, दांडे आपल्या मुठीला लावून पाहिले, पुन्हा तापवले, पुन्हा वाकवले. ती सांडशी माझ्या हातात बसत नाही.