शंभरातली साठ घरं

२८ फेब्रुवारी १९८३ च्या सोमवारी रात्री अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर ‘मॅश’ या मालिकेचा शेवटचा भाग दाखवला गेला. अडीच तासांचा भाग. तो किती जणांनी पाहिला याचा हिशेब नील्सन कंपनीने मांडला तेव्हा आकडा आला १० कोटी ५९ लाख. त्या वेळी अमेरिकेची लोकसंख्या होती साधारण २३ कोटी ४० लाख. म्हणजे तान्ही बाळं, रात्रपाळीचे कामगार, इस्पितळातले रुग्ण, तुरुंगातले कैदी असे सगळे जमेस धरले तरी शंभरातले पंचेचाळीस जण त्या रात्री एकच गोष्ट पाहत होते. १९८१ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या भरली होती ६ कोटी २८ लाख. त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट माणसं एका मालिकेला निरोप द्यायला बसली होती.

या माणसांनी दिलेला वेळ एकत्र केला तर तो साडेसव्वीस कोटी तासांच्या घरात जातो. वर्षांत सांगायचं तर ३० हजार वर्षं.

हा आकडा आला कसा, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण १९८३ चं अमेरिकी टीव्हीचं सगळं वर्ष त्यात दडलेलं आहे. टीव्ही असलेली घरं तेव्हा ८ कोटी ३३ लाख होती. त्यातल्या एक टक्का घरांनी कार्यक्रम पाहिला की रेटिंगचा एक पॉइंट, म्हणजे ८ लाख ३३ हजार घरं. ‘मॅश’च्या निरोपाला मिळाले ६०.२ पॉइंट, म्हणजे ५ कोटींहून थोडी जास्त घरं. दुसरा आकडा असतो शेअरचा: ज्या घरांत त्या वेळी टीव्ही चालू आहे, त्यांतल्या किती घरांत हा कार्यक्रम लागला आहे. तो होता ७७. आता हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून शंभर घरांची एक वस्ती डोळ्यांसमोर आणा. अठ्ठ्याहत्तर घरांत टीव्ही चालू आहे, त्यांतल्या साठ घरांत ‘मॅश’ आहे. उरलेल्या अठरा घरांत बाकीच्या सगळ्या वाहिन्या मिळून. आणि बावीस घरांत टीव्ही बंद.

नील्सनने हे सगळं ठरवलं ते देशभरातल्या दोन हजारांहूनही कमी घरांत बसवलेल्या यंत्रांवरून. टीव्ही चालू आहे का आणि कुठली वाहिनी लागली आहे, एवढंच त्या यंत्राला कळे. समोर कोण बसलंय हे कळायला वेगळ्या काही घरांतून डायऱ्या भरून घेतल्या जात. माणसागणिक बटण दाबून नोंद करणारा पीपल मीटर राष्ट्रीय मोजणीत आला तो १९८७ मध्ये. तोवर आठ कोटी घरांचा अंदाज शितावरून भाताची परीक्षा करावी तसाच चालला होता, आणि त्यावर अब्जावधी डॉलरचा जाहिरातधंदा उभा होता.

टक्के कशाचे, हे मात्र दर वेळी विचारायला हवं. १९ जानेवारी १९५३ ला ‘आय लव्ह लुसी’ मालिकेतल्या लुसीला बाळ झालं, त्या भागाचं रेटिंग ७१.७ होतं, ‘मॅश’हूनही जास्त. पण तेव्हा देशात टीव्ही असलेली घरंच साधारण दोन कोटी. उलट २०१० च्या सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याने १० कोटी ६५ लाख प्रेक्षक मिळवून ‘मॅश’चा सत्तावीस वर्षांचा विक्रम मोडला, तेव्हा रेटिंग होतं ४५. डोकी वाढली होती, देशही वाढला होता. पण शंभरातली साठ घरं काही जमली नाहीत. १९६० नंतर ‘मॅश’शिवाय दुसऱ्या कुठल्याही मालिकेच्या कुठल्याही भागाला ती जमलेली नाहीत.

‘मॅश’ ही कोरियन युद्धातल्या एका लष्करी फिरत्या रुग्णालयाची गोष्ट. युद्ध चाललं जून १९५० ते जुलै १९५३, तीन वर्षं आणि एक महिना. मालिका चालली अकरा हंगाम. ती सुरू झाली १७ सप्टेंबर १९७२ ला. आपलं मुंबई दूरदर्शन केंद्र त्यानंतर पंधरा दिवसांनी, २ ऑक्टोबरला सुरू झालं. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिक मरत असताना विनोदी मालिका म्हणून घराघरात शिरलेल्या या गोष्टीने आपल्या प्रेक्षकांना हसवता हसवता शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ नेऊन उभं केलं. शेवटचं चित्रीकरण चालू असताना, ऑक्टोबर १९८२ मध्ये, कॅलिफोर्नियात मालिबूजवळच्या डोंगरात वणवा पेटला आणि तंबूंचा बाहेरचा बहुतेक सेट जळून गेला. लेखकांनी ती आग कथेत घेतली.

मला त्या भागातला एक प्रसंग सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा वाटतो. डॉक्टर हॉकआय मनोरुग्णालयात आहे. त्याला एक बस आठवतेय, रात्रीची, गावकऱ्यांनी आणि जखमींनी भरलेली. बाहेर शत्रूची गस्त. आवाज झाला तर सगळे मेले. मागच्या बाकावरच्या बाईला तो दरडावून सांगतो की तिची कोंबडी गप्प कर. कोंबडी गप्प होते. डॉक्टरांशी बोलता बोलता हळूहळू आठवणीवरचा पडदा सरकतो: ती कोंबडी नव्हती, बाईचं बाळ होतं. ॲलन अल्डा हा हॉकआयची भूमिका करणारा नट, आणि या भागाचा दिग्दर्शकही तोच. देशातल्या सर्वांत मोठ्या जमावासमोर, निरोपाच्या रात्री, विनोदी मालिकेत हे दाखवायचं धाडस त्याने केलं.

आणि या प्रसंगाच्या आगेमागे जाहिराती होत्या. तीस सेकंदांचा दर साडेचार लाख डॉलर, त्याच वर्षीच्या सुपर बोलपेक्षाही जास्त. तेव्हा डॉलर साधारण दहा रुपयांना होता; म्हणजे एका सेकंदाचे दीड लाख रुपये. प्रत्येक प्रेक्षकामागे हिशेब केला तर मात्र अर्धा सेंटही पडत नाही. तीन वाहिन्यांचं राज्य टिकलं ते या गणितावर. एबीसी, सीबीएस, एनबीसी. फॉक्स यायला अजून तीन वर्षं होती. केबल आली होती, दहापैकी चारेक घरांत पोचलीही होती, पण रात्री देश बसायचा तो या तिघींसमोर.

त्या जोरावर १९८३ मध्ये काय काय झालं! फेब्रुवारीत एबीसीने हर्मन वोक यांच्या कादंबरीवरची ‘द विंड्स ऑफ वॉर’ दाखवली: जाहिरातींसह अठरा तास, सात रात्री, खर्च सुमारे चार कोटी डॉलर. सरासरी रेटिंग ३८.६. चौदा कोटी लोकांनी त्यातलं काही ना काही पाहिलं, असं वाहिनी सांगत असे. हा आकडा ‘मॅश’च्या १० कोटी ५९ लाखांशेजारी ठेवू नका. तो आहे डोकावून गेलेल्यांचा, आणि ‘मॅश’चा आहे सरासरी मिनिटाला समोर बसलेल्यांचा. डोकावणारे धरले तर ‘मॅश’चेही १२ कोटींच्या वर जातात. मार्चच्या अखेरीस आली ‘द थॉर्न बर्ड्स’, ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळ मळ्यावरची, पाद्री आणि तरुणीच्या प्रेमाची. चार रात्री, रेटिंग ४१.९. सलग चार रात्री साडेतीन कोटी घरं.

या अजस्र तासांच्या मध्ये काही सेकंदांची एक गोष्ट आहे. १६ मे ला एनबीसीवर मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या पंचविशीचा कार्यक्रम लागला. चित्रीकरण मार्चमध्येच पॅसडीनाच्या सभागृहात झालं होतं. भावांबरोबरची गाणी संपल्यावर मायकल जॅक्सन रंगमंचावर एकटा उरला, ‘बिली जीन’ सुरू झालं, आणि मधल्या एका जागी तो पुढे चालल्यासारखा पाय टाकत मागे सरकत गेला. मूनवॉक. डोळ्याची पापणी लवावी एवढ्यात संपतो. प्रेक्षक होते ४ कोटी ७० लाख. चाळीस वर्षं उलटली, तरी गल्लीबोळांतली पोरं ते पाऊल गिरवताहेत.

आकड्यांची दुसरी बाजूही त्याच वर्षात आहे. एनबीसी तीन वाहिन्यांत तिसरी होती. जानेवारीत ‘द ए-टीम’ने तिला हात दिला, पण शरद ऋतूत तिने नऊ नव्या मालिका आणल्या आणि त्यांपैकी एकीलाही तिथे दुसरा हंगाम मिळाला नाही. नऊपैकी शून्य. त्यांत ‘मॅनिमल’ होती, ज्यात नायक बिबट्या किंवा ससाणा होऊन गुन्हेगार पकडतो. ती आठ भागांत आटोपली. ‘मिस्टर स्मिथ’मध्ये बोलणारा ओरांगउटान होता, बुद्ध्यांक २५६, सरकारी सल्लागार. तिचे तेरा भाग झाले. या प्रत्येकीमागे लेखक, सुतार, प्रकाशयोजनाकार, नट अशी शेकडो माणसं महिनोन् महिने राबली होती.

आणि याच वाहिनीवर बॉस्टनमधल्या एका बारची गोष्ट सांगणारी ‘चिअर्स’ होती. सप्टेंबर १९८२ मध्ये तिचा पहिला भाग लागला तेव्हा सत्त्याहत्तर कार्यक्रमांत तिचा नंबर होता चौऱ्याहत्तरावा. वाहिनीने ती काढली नाही. १९८३ मध्ये तिला सर्वोत्तम विनोदी मालिकेचं एमी पारितोषिक मिळालं, आणि १९९३ च्या मे महिन्यात तिचा शेवटचा भाग ८ कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. इतक्या मोठ्या धंद्यात कोणीतरी आकडा बाजूला ठेवून धीर धरला, याबद्दल मला त्या माणसांचा मनापासून आदर वाटतो.

सप्टेंबर १९८३ मध्ये संध्याकाळच्या वेळेत ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ हा अक्षरं ओळखायचा खेळ सुरू झाला. पॅट सेजॅक यांनी तो जून २०२४ पर्यंत चालवला, एकेचाळीस हंगाम. नोव्हेंबर १९८३ ची रात्र मात्र वेगळीच.

त्या शरदात जग फार वाईट अवस्थेत होतं. १ सप्टेंबरला सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियन प्रवासी विमान पाडलं होतं. युरोपात अमेरिकेची नवी अण्वस्त्रं उतरवायची तयारी चालू होती. अशा वेळी, २० नोव्हेंबरच्या रविवारी, एबीसीने निकोलस मेयर यांचा ‘द डे आफ्टर’ हा अणुयुद्धावरचा चित्रपट दाखवला. त्यातलं गाव म्हणजे कॅन्ससमधलं लॉरेन्स, विद्यापीठाचं, वस्ती पन्नास हजारांच्या थोडी वर. शेजारच्या मिसुरी राज्यात शेताशिवारांखाली दीडशे मिनिटमन आण्विक क्षेपणास्त्रं खरोखरच पुरलेली होती. चित्रपटात ती सुटतात, आणि लॉरेन्सच्या मैदानावर आलेले लोक मान वर करून आकाशातल्या धुराच्या रेघा पाहत राहतात. ती गेली, म्हणजे तिकडचीही निघाली असणार, हे एकेकाला उमगत जातं.

एका शेतकऱ्याच्या घरी लेकीच्या लग्नाची गडबड आहे. भोंगे वाजताहेत, नवरा तळघरात चल म्हणतोय, आणि त्याची बायको पलंगावरच्या चादरी नीट करतेय. ती ऐकेना. शेवटी तो तिला ओढत खाली नेतो आणि तिचा टाहो जिन्यात घुमत राहतो. स्फोटांची दृश्यं आज जुनी वाटतील. ती बाई जुनी होत नाही.

स्फोटांनंतर विद्यापीठाच्या बास्केटबॉलच्या बंदिस्त मैदानावर मरणाऱ्यांची दाटी दिसते. ती माणसं लॉरेन्सचीच, गावकरी आणि विद्यार्थी, काहींनी डोकी भादरून घेतलेली. हल्ल्याच्या दृश्यानंतर चित्रपटात एकही जाहिरात नव्हती. पुष्कळ जाहिरातदार आधीच मागे हटले होते. घाबरलेल्या प्रेक्षकांसाठी वाहिनीने फोनलाइन उघडल्या होत्या. रेटिंग आलं ४६, शेअर ६२. ३ कोटी ८५ लाख घरं, दहा कोटी माणसं. चित्रपट संपताच पत्रकार टेड कॉपल यांनी चर्चा घेतली. माजी परराष्ट्रमंत्री किसिंजर, माजी संरक्षणमंत्री मॅक्नमारा, लेखक एली विझेल बसले होते. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी तिथे एक चित्र उभं केलं: पेट्रोलने भिजलेली खोली, दोन हाडवैरी, एकाकडे नऊ हजार काड्या, दुसऱ्याकडे सात हजार, आणि वाद चाललाय कोणाकडे जास्त आहेत याचा. त्या रात्रीचे हे आकडे सगळ्यांत भयंकर, कारण ते खऱ्या अण्वस्त्रसाठ्यांकडे बोट दाखवत होते.

तीनच दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, सोव्हिएत प्रतिनिधी जिनिव्हातल्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या वाटाघाटी सोडून निघून गेले.

अध्यक्ष रेगन यांनी हा चित्रपट १० ऑक्टोबरलाच कॅम्प डेव्हिडला पाहिला होता. सत्तर लाख डॉलरचं काम प्रभावी उतरलंय आणि आपण फार खिन्न झालो आहोत, अशी नोंद त्यांनी डायरीत केली. चार वर्षांनी, ८ डिसेंबर १९८७ ला, त्यांनी आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार केला. त्याखाली दोन्ही बाजूंनी मिळून २,६९२ क्षेपणास्त्रं मोडीत काढली. त्याच वर्षी ‘द डे आफ्टर’ सोव्हिएत टीव्हीवरही दाखवला गेला. एका चित्रपटाने करार घडवला असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं इतिहासावर अन्याय होईल. पण दोन्हीकडच्या माणसांनी तो पाहिला होता, एवढं खरं.

१९८३ मधला सर्वांत मोठा आकडा ‘मॅश’चा. सर्वांत मोलाचा मात्र मी ‘द डे आफ्टर’चा मानतो: शेवट कितीही भयाण असला तरी दहा कोटी लोकांपर्यंत तो गेला, आणि ते जाहिरातींवर जगणाऱ्या वाहिनीने केलं. मिळाला तर जरूर पाहा. लहान मुलांना दूर ठेवा, पण घरातल्या मोठ्यांना सोबत घ्या, आणि संपल्यावर लगेच उठू नका. त्याबद्दल एकमेकांशी बोला.