तिळातलं तेल आणि इंजिनातली शक्ती



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने आम्हाला पायऱ्यांवर गाठलं. म्हणाला, "सर, निर्णय कसा घ्यावा यावर तुम्ही तासभर बोललात. आता एक खराखुरा निर्णय सांगा. माझी डिझेल गाडी स्टॉक आहे. तिला ट्यूनिंग बॉक्स लावू की नको?" आम्ही घड्याळाकडे बघून उत्तर टाळलं. खरं कारण वेळेचं नव्हतं. हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी आमच्या घरी आला होता, आणि आम्ही पैसे मोजण्याच्या बेतात होतो. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे सांगायला थोडी लाज वाटते. पण आज सांगतो.

आमची गाडी जुनी, टर्बो डिझेल. कोकणातून ताम्हिणीमार्गे पुण्याला परतत होतो. शेजारी आमच्या सौभाग्यवती, मागे त्यांची बहीण आणि आंब्याच्या पेट्या. चढावर पुढे एक ट्रक. बराच वेळ त्याच्या मागे काढल्यावर आम्ही ओव्हरटेक करायला बाहेर पडलो. पाय पूर्ण दाबला, पण गाडी पिकअप घेईना. समोरून एसटी आली. आम्ही कसेबसे ट्रकच्या मागे परतलो. मुळशी येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

घरी पुतण्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "काका, बॉक्स लावा. वीस-पंचवीस हजारांचं काम आहे. परत असं होणार नाही." आम्हाला पटलं. भ्यायलेल्या माणसाला उपाय लवकर पटतो.

आता हा बॉक्स करतो काय, ते आधी समजून घेऊ. गाडी स्टॉक आहे म्हणजे कारखान्यातून निघाली तशीच आहे, काही बदललेलं नाही. आजच्या डिझेल इंजिनात किती डिझेल, केव्हा आणि किती दाबाने सोडायचं, हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. हवा किती, तापमान किती, पाय किती दाबलाय, ही माहिती त्याला सेन्सर पुरवतात. डिझेल ज्या समाईक नळीत दाबाखाली भरलेलं असतं, तिथला दाब एक सेन्सर सांगतो. गाडीच्या टायरमध्ये साधारण दोन-सव्वादोन बार दाब असतो. या नळीत तो हजार बारच्याही पुढे जातो. साधा ट्यूनिंग बॉक्स सेन्सर आणि संगणक यांच्या मध्ये बसतो आणि खोटी साक्ष देतो. दाब असतो जास्त, बॉक्स सांगतो कमी. संगणक बिचारा दाब वाढवतो आणि तेवढ्याच वेळात जास्त डिझेल आत जातं. दुसरा प्रकार रीमॅपचा. त्यात साक्षीदार तोच राहतो, पण संगणकाची नियमावलीच नव्याने लिहिली जाते.

विकणारे म्हणतात, "शक्ती इंजिनात आहेच, आम्ही फक्त बाहेर काढतो." हे वाक्य ऐकलं आणि आम्हाला आमचा जुना वर्ग आठवला. सांख्यांचा सत्कार्यवाद हेच सांगतो: कार्य कारणात आधीपासून असतं. तिळात तेल असतं म्हणून ते निघतं. वाळू रगडून निघत नाही. तेव्हा पहिला प्रश्न असा, की आपली गाडी तीळ आहे की वाळू?

टर्बो इंजिन काही अंशी तीळ आहे. तिथे जास्तीची हवा कोंबता येते, म्हणून जास्तीचं इंधन जळू शकतं. टर्बो नसलेलं साधं पेट्रोल इंजिन बरंचसं वाळूच्या बाजूला. ते जेवढी हवा स्वतः ओढेल तेवढीच. नियमावली कितीही बदला, हाती थोडंच लागतं. आणि अॅव्हरेज वाढवतो म्हणून काही हजारांत, कधी काही शेकड्यांत मिळणारी चिप तर निव्वळ वाळू. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून जास्त उपकरणं पारखली; लक्षणीय फायदा देणारं एकही सापडलं नाही.

पण तिळाचंही नीट बघा. फियाटचं १,२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन आपल्याकडे अनेक गाड्यांत आलं. काहींत ते सुमारे ७५ अश्वशक्ती देई, काहींत ९०च्या आसपास. मुलं म्हणतात, बघा, पंधरा घोडे कंपनीने दडवून ठेवले होते! तसं नाही. ९०वाल्याचा टर्बोच वेगळ्या जातीचा होता. तेल तिळाचं खरं, पण घाणाही बदललेला होता.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. शक्ती वाढली हे कशावरून? न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं मानली. त्यातली तीन इथे कामाची.

प्रत्यक्ष म्हणजे आपण चालवून बघतो आणि म्हणतो, "वा, काय उसळी मारते!" सावध राहा. पेडलला जोडायची काही उपकरणं एवढंच करतात, की पाय पाव दाबला तर इंजिनाला तो अर्धा दाबला असं कळवतात. शक्ती कणभर वाढत नाही, उसळी मात्र जाणवते. शिवाय खिशातून वीस हजार गेले असले की माणसाला उसळी जाणवतेच. अनुमान म्हणजे डायनोचा आलेख. तो त्याच गाडीचा, त्याच यंत्रावर, त्याच दिवशी, आधी आणि नंतर काढलेला असेल तर त्याला अर्थ. दुकानाच्या भिंतीवरचा दुसऱ्याच गाडीचा आलेख आपल्या गाडीबद्दल काही सांगत नाही.

राहिला शब्द. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो आपल्याला फसवणार नाही अशाचा. विकणाऱ्याला विषय ठाऊक असेलही, पण त्याचा हितसंबंध उघड आहे. मग कंपनी आप्त का? तसंही डोळे मिटून म्हणता येणार नाही. २०१५ साली फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. तपासणी चालू आहे हे गाडीतलं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते होतं. म्हणून आम्ही एक व्यवहारी कसोटी वापरतो: बोललेलं खोटं ठरलं तर नुकसान कोण सोसणार? कंपनीने वॉरंटी लिहून दिलेली असते. बॉक्स लावल्यावर क्लच गेला तर कंपनी बॉक्सकडे बोट दाखवणार आणि बॉक्सवाला गाडीच्या वयाकडे. मध्ये आपण.

तिसरा प्रश्न आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कंपनीने शक्ती शिल्लक ठेवली असेल, तर ती कुणासाठी? विदर्भातल्या मे महिन्यासाठी. वेळेवर ऑइल न बदलणाऱ्यासाठी. पाच माणसं आणि सामान घेऊन घाट चढणाऱ्यासाठी. भेसळीच्या डिझेलसाठी. आणि दहाव्या वर्षासाठी. निवृत्त माणसाला हे वेगळं समजावायला नको. बँकेतली शिल्लक पडून आहे म्हणजे वाया जाते आहे असं आपण म्हणत नाही. बॉक्स नवी कमाई आणत नाही, शिल्लक मोडतो. क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो सगळे त्या शिलकीवर जगत असतात. ब्रेक तर जुनेच राहतात. वेग ८० वरून १०० झाला, तर थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते.

शिवाय सगळी किंमत आपणच मोजत नाही. हवेच्या मानाने डिझेल जास्त झालं की काळा धूर येतो. नव्या बीएस-सिक्स गाड्यांत ती काजळी आधी फिल्टर तुंबवते. जुन्या गाडीत ती मागच्या स्कूटरवर आईला बिलगून बसलेल्या पोराच्या छातीत जाते. पिकअप आमचा, खोकला त्याचा. कायद्याचंही ऐका: १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करायला मनाई करतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो, तो वेगळाच.

आता आमच्या गाडीचं पुढे काय झालं? बॉक्स लावण्याआधी आमच्या जुन्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. टर्बोकडून हवा नेणाऱ्या होज पाइपला चीर होती, भोवती तेलाचे डाग. एअर फिल्टर मातीने भरलेला. म्हणजे टर्बोने दाबलेली हवा वाटेतच गळत होती. मिस्त्री म्हणाले, "सर, हिची आहे ती ताकद तरी आधी हिला परत द्या." तीन हजारांच्या आत काम झालं. आम्ही ज्या गाडीला स्टॉक समजत होतो ती स्टॉक राहिलीच नव्हती. तिच्यावर बॉक्स लावला असता, तर गळक्या नळीतून आणखी हवा गेली असती आणि डिझेलचा नुसता धूर झाला असता.

तेव्हा त्या तरुण मित्राला आमचं उत्तर असं. आधी गाडी खरोखर मूळ स्थितीत आहे का, ते तपासून घ्या. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. टर्बो नसेल तर पैसे खर्चू नका. वॉरंटी चालू असेल तर थांबा. हे सगळं पार करूनही हौस उरली, तर तिला हौस म्हणा, गरज म्हणू नका. हौसेला आमची ना नाही. पण आधी-नंतरचा आलेख मागा, धूर तपासून घ्या, आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारा, आणि क्लचचे पैसे बाजूला ठेवा. यातलं एक जरी जमत नसेल तर नका घेऊ.

आम्ही घेतला नाही. पण ते तर्कशास्त्रामुळे नव्हे, आणि होज पाइपमुळेही पूर्णपणे नव्हे. त्या रात्री जेवताना सौभाग्यवतींनी एवढंच विचारलं होतं, "त्या ट्रकच्या मागेच राहिलो असतो, तर काय बिघडलं असतं?" आम्ही पुष्कळ विचार केला. दहा मिनिटं उशीर झाला असता. बाकी काही नाही.