तांबडें बियाणें

पेरून उरलेलें रंगीत धान्य धुवून दळावें, असा मोह काटकसरी घरांत कोणासही पडावा. १९७१-७२ च्या हिवाळ्यांत इराकमध्यें तेंच घडलें. सरकारनें मेक्सिकोहून बियाण्याचा गहूं आणविला होता. बुरशी लागूं नये म्हणून त्यास पाऱ्याचें संयुग चोळून, ओळखूं यावा म्हणून तांबडा रंग दिलेला. पोत्यांवरील सूचना मात्र स्पॅनिश व इंग्रजी भाषांत! धान्य पोहोंचेपर्यंत पुष्कळ ठिकाणीं पेरणी उरकली होती. शेतकऱ्यांनीं रंग धुतला, दाणे कोंबड्यांस घालून पाहिले. त्या कांहीं दिवस धडधाकट दिसल्या, आणि घरोघर रोट्या भाजल्या गेल्या.

परंतु रंग धुतला म्हणजे विष गेलें असें नव्हे. पारा भट्टीच्या आंचेनेंही जात नाहीं, आणि त्याचीं लक्षणें कित्येक आठवड्यांनीं उमटतात: हातापायांस मुंग्या, झोक जाणें, दृष्टि अधू होणें. ६,५३० माणसें रुग्णालयांत दाखल झालीं, त्यांतील ४५९ दगावलीं. आईस फारसें कांहीं न होतांही पोटांतील मूल अधू झाल्याचीं उदाहरणें आहेत. आम्हांस तें सर्वांत भयंकर वाटतें.

आपल्याकडेही औषध लावलेलें बियाणें रंगवूनच विकतात. औषधें आतां निराळीं असलीं, तरी तें पोतें माजघरांत आणूं नये. रिकामें झाल्यावर त्यांत तांदूळ तर मुळींच भरूं नयेत.