जाळीचा झोळ

आमचे हर्सूल आणि नळ यांचे नाते जुने आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) शहरास पाणी पुरविण्याची जी तजवीज केली, त्या नहर-ए-अंबरीसाठी याच बाजूच्या भूगर्भातील पाणी धरले गेले. आणि कोणताही पंप न लावता ते पाणी केवळ उताराच्या बळावर खापरी नळांतून वाहत शहराच्या हौदांपर्यंत जात असे. मी आज ज्या नळांविषयी लिहिणार आहे ते मात्र पीव्हीसीचे, एक इंची, आणि पाण्याशी सुतराम संबंध नसलेले असे आहेत. त्यांचा एक चौकोनी सांगाडा गेल्या हिवाळ्यात आमच्या गच्चीवर उभा राहिला, त्यावर जाळी चढली, आणि त्या जाळीच्या आत माझा भाचा ऐंशी ग्रॅम वजनाचे ड्रोन उडवू लागला.

उघडे आकाश असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडावा. 25 ऑगस्ट 2021 रोजी अंमलात आलेल्या ड्रोन नियमांनी 250 ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनच्या चालकास परवान्याच्या अटीतून सूट दिली आहे हे खरे. परंतु कोणत्या हद्दीत किती उंचीपर्यंत जावे याचा लाल, पिवळा, हिरवा असा सरकारी नकाशा आहे, आणि चिकलठाण्याचे विमानतळ व हर्सूलचे मध्यवर्ती कारागृह ही दोन्ही ज्यांच्या शेजारात आहेत त्यांनी तो नकाशा डोळ्यांत तेल घालून पाहावा. जाळी लावली म्हणजे त्या जबाबदारीतून सुटका झाली, असेही समजू नये. आमच्या घरचे कारण याहून साधे होते. नवशिक्याचे ड्रोन पडते, आणि पडायचे ते नेमके दुसऱ्याच्या पाण्याच्या टाकीत.

परदेशी विद्यापीठांनी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली आहे. झुरिकच्या ईटीएच या संस्थेतील उड्डाणशाळा दहा मीटर लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने 2018 मध्ये 9,600 चौरस फुटांचा, चार मजले उंचीचा जाळीचा मांडवच उघड्यावर उभारला. आमचा मांडव दहा फुटांचा घन. वीस फुटी नळ मधोमध कापला की दहा फुटांचे दोन तुकडे होतात, आणि घनाला बारा कडा असतात. म्हणजे सहा नळांत काम भागते आणि भंगार म्हणून वीतभरही उरत नाही.

अडचण येते ती कोपऱ्यांत. तेथे तीन नळ भेटतात, आणि नळकाम साहित्याच्या दुकानातला साधा एल्बो दोघांचेच लग्न लावतो. तीन तोंडांचा जोड मागितल्यावर दुकानदाराने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तीवरून तो मिळणार नाही हे कळले. मग भाच्याने एल्बोला बोटभर नळाचा तुकडा व त्याला लगोलग एक टी जोडून तिसऱ्या नळाची वाट काढली. ज्या गावाचा पत्ताच ‘टी-पॉइंट’ने सांगितला जातो तेथे ही युक्ती सुचावी, हे यथायोग्यच म्हटले पाहिजे. जोडांना सोल्यूशन न लावता स्क्रू मारले, जेणेकरून मृगाच्या आधी सारा इमला उतरवता यावा. तरीही चौकट हलत होतीच, कारण चौकोन हा स्वभावतःच लवचीक, बाजू न मोडता तिरका होणारा. त्रिकोण तसा होत नाही. म्हणून प्रत्येक उभ्या बाजूवर नायलॉनच्या दोन दोऱ्या फुलीसारख्या ताणल्या. दोरी ओढ सोसते, रेटा सोसत नाही. दोन असल्या की चौकट कोणत्याही बाजूस कलली तरी एक ना एक तिला धरून ठेवते. आणखी मोठा पिंजरा करण्याचा मोह आम्ही आवरला, कारण आडव्या नळाची लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जाडीच्या नळाचा जाळीच्या भाराखालील बाक दुप्पट नव्हे, सोळापट होतो.

आता जाळी. द्राक्षबागेवर पाखरांसाठी घालतात तशी, इंचभर छिद्रांची. ती बांधण्याचे काम मी अंगावर घेतले आणि लहानपणी बाज विणताना आजोबांनी लावलेल्या शिस्तीप्रमाणे ती अशी ताणली की टिचकी मारली तर वाजावी. “मामा, एवढी ओढू नका,” असे भाचा म्हणाला. मी ऐकले नाही. पहिल्याच दिवशी ड्रोन वेगाने जाऊन तीवर आदळले, चेंडूसारखे परत उडाले आणि खालच्या फरशीवर पडून त्याचे दोन पंखे मोडले.

चूक कोठे झाली हे गणिताने लख्ख दिसते. ऐंशी ग्रॅमचे यान सेकंदाला आठ मीटर वेगाने जात असेल तर त्याची गतिज ऊर्जा अडीच ज्यूलच्या जवळपास असते. ही ऊर्जा कोठेतरी खर्ची पडलीच पाहिजे. प्रश्न एवढाच की किती अंतरात. भिंतीवर आदळून ते सेंटिमीटरभरात थांबले तर त्यावर सरासरी सव्वीस किलो वजनाएवढा दाब येतो. तेच सैल जाळीने त्याला तीस सेंटिमीटर आत घेतले तर तो दाब किलोभराच्याही आत राहतो. शिवाय ताणलेली जाळी घेतलेली ऊर्जा बव्हंशी परत करते, आणि झोळ असलेली जाळी तिचा पुष्कळसा भाग दोऱ्यांच्या घर्षणात जिरवून टाकते. म्हणजे मी जिला निष्काळजीपणा समजत होतो ती ढिलाई हाच या यंत्राचा मुख्य भाग होता. नळ केवळ ती ढिलाई टांगण्यासाठी. मी निमूटपणे गाठी सोडल्या आणि वीतभर झोळ ठेवला. त्याहून अधिक ठेवला तर सुटा दोरा पंख्याच्या आसाला गुंडाळला जातो आणि नखाने तो काढण्यात संध्याकाळ जाते, हेही पुढे कळले.

जाळीचा दुसरा गुण वाऱ्याशी संबंधित आहे. तरंगत राहण्यासाठी ड्रोनला हवा सतत खाली लोटावी लागते, आणि इतक्या लहान पंख्यांना ती वेगाने लोटावी लागते. आमच्या यानाखाली हा झोत हिशेबाने सेकंदाला सुमारे आठ मीटर भरतो. बंद खोलीत तो भिंतींवरून वळून पुन्हा पंख्यांत शिरतो व यान डुलू लागते, छताजवळ गेल्यास वर खेचलेही जाते. जाळीतून हवा निघून जाते. उरला प्रश्न खालच्या पांढऱ्या फरशीचा. या यानाच्या पोटाशी असलेला कॅमेरा जमिनीवरच्या खुणा पाहून जागा ओळखतो. एकसारख्या फरशीवर त्याला खूणच सापडेना, आणि ते वाहवत जाऊ लागले. यावर बाजारात चट्ट्यापट्ट्यांच्या चटया मिळतात म्हणे. आम्ही आईची गोधडी अंथरली. तीतला एकही ठिगळाचा तुकडा दुसऱ्यासारखा नसल्यामुळे यंत्राला तिच्याहून उत्तम नकाशा मिळाला नसता. ते जागच्या जागी खिळल्यासारखे उभे राहिले.

संध्याकाळी जाळीची एक बाजू गुंडाळून ठेवण्याचा नियम आम्ही पाळतो, कारण बारीक काळा दोरा तिन्हीसांजेला मुनियांना दिसत नाही. एप्रिल लागला तेव्हा मात्र पिंजऱ्याचा ताबा बदलला. ऊन भरपूर, हवा खेळती, आणि कावळ्याला प्रवेश नाही, हे आमच्या सौभाग्यवतींच्या ध्यानात येण्यास विलंब लागला नाही. गोधडीवर स्वच्छ धोतर पसरून कुरडया व साबुदाण्याच्या पापड्या वाळत पडल्या. भाच्याने, “मामी, कोपऱ्यातून फक्त एकदा,” अशी गळ घालून उड्डाण केले, आणि त्या आठ मीटर वेगाच्या झोताने अर्धवट वाळलेल्या पापड्या पाचही बाजूंच्या जाळीला चिकटवल्या.